कुंपणच शेत खाऊ लागते तेव्हा

नवी दिल्लीतील सफदरजंग मार्गावरील एक क्रमांकाच्या बंगल्यात आजही पर्यटकांची रांग लागते. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी इंदिरा गांधी ज्या पाऊलवाटेने चालत निघाल्या होत्या, ती वाट तेथे काचेखाली जपून ठेवलेली आहे. त्या सकाळी एका अंगरक्षकाने रिव्हॉल्व्हरमधून पाच गोळ्या झाडल्या, तर दुसऱ्याने कार्बाईनमधून पंचवीस. न्यायालयीन निकालात नोंदल्या गेलेल्या या दोन आकड्यांत साधे हत्यार आणि स्वयंचलित हत्यार यांच्यातील सारे अंतर सामावलेले आहे. पहिल्यात प्रत्येक गोळीसाठी बोटाला नव्याने निर्णय घ्यावा लागतो. दुसऱ्यात एकदा घेतलेला निर्णय मॅगझिन रिकामे होईपर्यंत मागे घेण्यास उसंतच मिळत नाही.

या घटनेतील आणखी एक बाब मात्र सहसा विचारात घेतली जात नाही. ती दोन्ही शस्त्रे सरकारी होती, सरकारी शस्त्रागारातून रीतसर दिलेली होती आणि ती बाळगणारे हातही सरकारी वेतनावरचे होते. भारतात स्वयंचलित शस्त्रांविषयी चर्चा निघाली, की ती नागरिकाला मिळणाऱ्या परवान्याभोवती घोटाळते. वस्तुतः गेल्या चार दशकांचा इतिहास असे सांगतो, की ही शस्त्रे नागरी हातांत गेली ती परवान्याच्या खिडकीतून नव्हे. काही सीमेपलीकडून आली आणि उरलेल्यांपैकी फार मोठा वाटा खुद्द राज्यसंस्थेच्या मागच्या दारातून बाहेर पडला. पहिल्या वाटेवर बंदोबस्त असतो, निदान तशी अपेक्षा असते. दुसऱ्या वाटेबद्दल मात्र दिल्लीत कोणी फारसे बोलत नाही.

ज्याला इंग्रजी परिभाषेत सब-मशिनगन म्हणतात, ते शस्त्र पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस खंदकांतील लढाईसाठी जन्माला आले. पिस्तुलाची गोळी, आखूड नळी आणि चाप दाबून धरला असता अखंड चालणारा मारा, ही त्याची तीन लक्षणे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने स्वस्तात आणि घाईने बनविलेल्या स्टेनगनने हा प्रकार जगभर नेला. तिच्यानंतर आलेली स्टर्लिंग आपल्याकडे कानपूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि लष्कर व पोलिसांच्या खांद्यावर ‘कार्बाईन’ या नावाने विसावली. मराठी माणसाच्या तोंडी मात्र ‘स्टेनगन’ हाच शब्द राहिला. ‘स्टेनगनधारी’ हे विशेषण वृत्तपत्रांत कोणासाठी वापरले जाते, हे पाहिले म्हणजे पुरे. ते दरोडेखोरासाठी क्वचित आणि मंत्र्याच्या मोटारीमागून धावणाऱ्या रक्षकासाठी हटकून वापरले जाते.

सर्वसामान्यांना या शस्त्राचे आकर्षण वाटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत उतरलेल्या राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या जवानांच्या हातांतील एमपी-५ साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली. सप्टेंबर २०२० मध्ये बंदी येण्यापूर्वी पबजी या खेळाने शाळकरी मुलांना उझी आणि थॉम्पसन यांची नावे पाठ करून दिली. पंजाबात बंदुकांचे गुणगान करणाऱ्या गाण्यांचे प्रस्थ इतके वाढले, की नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारला अशा गाण्यांवर आणि शस्त्रांच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घालावी लागली. यातील बहुतेकांचे कुतूहल निरुपद्रवी आहे. यंत्राची, इतिहासाची, नेमबाजीची आवड असणे हा गुन्हा नव्हे. प्रश्न कुतूहलाचा नाही. हे शस्त्र म्हणजे मोठेपणाची खूण, हा धडा समाजाला कोणी दिला, हा आहे. सिनेमा आणि गाणी यांना दोष देणे सोपे असते. परंतु ज्याच्याभोवती जितक्या कार्बाईन तितका तो मोठा, हे समीकरण सिनेमाने दिल्लीपासूनच उचलले.

कायद्याबद्दल बोलायचे, तर या बाबतीत आपला कायदा संदिग्ध नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘प्रतिबंधित शस्त्रां’ची व्याख्या दिलेली आहे. चापावर दाब दिला असता, तो काढून घेईपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत ज्यातून गोळ्या सुटत राहतात, ते शस्त्र प्रतिबंधित. केंद्र सरकारने खास अधिकार दिल्याखेरीज असे शस्त्र मिळविणे, बाळगणे, बनविणे अथवा विकणे हा गुन्हा आहे. यात भर म्हणून लष्कर-पोलिसांच्या वापरातील ९ मिलिमीटर, ३०३ अशी ‘बोअर’देखील प्रतिबंधित गटात मोडतात. म्हणजे ९ मिलिमीटरची कार्बाईन नागरिकाला दोन्ही अंगांनी वर्ज्य ठरते. २०१९ च्या दुरुस्तीने प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगण्याची शिक्षा किमान सात आणि कमाल चौदा वर्षे केली. शिक्षेचा बडगा उगारताना संसद एकदा मर्यादाही ओलांडून गेली होती. पंजाबातील दहशतवाद ऐन भरात असताना, १९८८ मध्ये, प्रतिबंधित शस्त्राच्या वापराने मृत्यू घडल्यास फाशी अनिवार्य करण्यात आली; ही अनिवार्यता घटनाबाह्य असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला.

या कडकपणावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो तुच्छतेने बाजूला सारण्याजोगा नाही. नागरिकाला निःशस्त्र करणे हा वसाहतवादी राज्यकर्त्यांचा वारसा आहे, असे आक्षेपकांचे म्हणणे. लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये आलेल्या शस्त्र कायद्याने भारतीयांना त्यांच्याच देशात संशयित ठरविले होते. ब्रिटिश राजवटीच्या काळ्या कृत्यांत गांधीजींनी १९१८ मध्ये या कायद्याची गणना केली होती. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी या हक्काचा आग्रह धरला. डॉ. आंबेडकरांनी तो मान्य केला नाही. असा हक्क मूलभूत ठरला, तर तो दरोडेखोरांना आणि सराईत गुन्हेगारांनाही नाकारता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. राज्यघटनेने नागरिकाला एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले, ते ‘शांततेने व विनाशस्त्र’ या अटीसह. तेव्हापासून शस्त्र हा आपल्याकडे हक्क नसून सवलत आहे.

ही सवलत मोजकी असली, तरी ती शब्दशः नाममात्र नाही. २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते आणि त्यांपैकी पावणेतेरा लाखांच्या आसपास एकट्या उत्तर प्रदेशात होते. कर्नाटकातील कोडवा समाजाला तर परवान्यातूनच सूट आहे आणि ती २०२९ पर्यंत वाढविण्यात आली आहे. परंतु कोडवांच्या घरातील बंदूक ही त्यांच्या सणांची, विधींची आणि शेताच्या राखणीची बंदूक आहे. त्या सवलतीच्या आडोशाने कोणी कार्बाईन मागितलेली नाही. परंपरा, पीकसंरक्षण आणि क्रीडा या तिन्ही कारणांसाठी साधी बंदूक पुरेशी ठरते, हे यातून दिसते.

मग स्वसंरक्षणाचे काय? येथे शस्त्रप्रेमींचा युक्तिवाद तोकडा पडतो. आपल्या फौजदारी कायद्याने, आधी दंड संहितेने आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने, खासगी बचावाचा हक्क मान्य केलेला आहे. मात्र तो प्रमाणाच्या तत्त्वावर उभा आहे. बचावासाठी जितकी इजा आवश्यक, तितकीच करण्याची मुभा आहे. स्वयंचलित शस्त्राला हे प्रमाण ठाऊक नसते. एका दाबात सुटलेल्या वीस गोळ्यांपैकी कोणती आवश्यक होती आणि कोणती शेजारच्या घराच्या भिंतीत शिरली, याचा हिशेब नंतर न्यायवैद्यक तज्ज्ञच मांडू शकतो. परवाना देताना होणारी दिरंगाई, जिल्हाधिकारी कार्यालयातील मनमानी, या तक्रारी रास्त आहेत. त्यावर उपाय म्हणून प्रक्रिया सुधारायला हवी. स्वयंचलित शस्त्राचे दार उघडणे हे त्याचे उत्तर नव्हे.

नागरिकाला सब-मशिनगन बाळगू देणारा देश म्हणून अमेरिकेचे उदाहरण दोन्ही बाजूंनी दिले जाते, म्हणून ते नीट तपासून पाहिले पाहिजे. थॉम्पसन बंदूक १९२१ मध्ये बाजारात आली, तेव्हा ज्या युद्धासाठी ती आखली होती, ते संपलेले होते. सुमारे दोनशे डॉलरला ती नागरिकांना विकली जाऊ लागली. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत सात जणांना भिंतीला लावून मारण्यात आले, त्यात याच बंदुका वापरल्या गेल्या. १९३४ मध्ये अमेरिकी संसदेने अशा शस्त्रांची नोंदणी आणि हस्तांतरामागे दोनशे डॉलरचा कर लागू केला. म्हणजे बंदुकीच्या किमतीइतकाच कर. मे १९८६ मध्ये त्यापुढचे पाऊल पडले. त्या तारखेनंतर बनलेली स्वयंचलित शस्त्रे खासगी नागरिकांच्या नावे नोंदविणे बंद झाले. पुरवठा गोठला, किमती हजारो डॉलरवर गेल्या आणि नोंदणी झालेली ही शस्त्रे संग्राहकांच्या तिजोऱ्यांत जाऊन बसली. कायदेशीररीत्या नोंदलेल्या अशा शस्त्राने गुन्हा घडल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत.

शस्त्रप्रेमी यावरून म्हणतात, की बघा, सज्जनाच्या हाती मशिनगनदेखील सुरक्षित असते. निष्कर्ष उलटा निघतो. जगातील सर्वाधिक बंदुका बाळगणाऱ्या देशातही या एका शस्त्राचा बंदोबस्त करता आला, कारण प्रत्येक नगाची नोंद राहिली आणि नव्या नगांची वाट बंद झाली. जेथे नोंद सुटली, तेथे कायदाही हरला. १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगासमध्ये एका माणसाने अर्धस्वयंचलित रायफलींना ‘बम्प स्टॉक’ नावाचा दस्ता जोडून जवळजवळ मशिनगनच्या वेगाने जमावावर गोळीबार केला. त्या दस्त्यावर घातलेली बंदी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द ठरविली. चापाची एकच क्रिया म्हणजे काय, या व्याख्येच्या एका शब्दावर तो वाद फिरला. आपली व्याख्याही चापावरच बेतलेली आहे. आपल्याकडे अर्धस्वयंचलित रायफलीही नागरिकाच्या सहज आवाक्यात नसल्याने ही फट अद्याप जाणवलेली नाही, इतकेच. परंतु शेजारच्या म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी उठावानंतर काही बंडखोर गटांनी त्रिमितीय छपाईयंत्रावर बनविलेल्या ९ मिलिमीटरच्या कार्बाईन वापरल्या आहेत. व्याख्या वेळीच तपासून घेण्याची ही वेळ आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कायदा स्पष्ट, शिक्षा कडक, तरीही ही शस्त्रे नागरी हातांत कशी येतात? सीमेपलीकडून येतात, हे एक उत्तर आहे आणि ते खरेही आहे. १९९३ मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर उतरविलेल्या शस्त्रांपासून ते डिसेंबर १९९५ मध्ये पुरुलियावर विमानातून टाकलेल्या एके-४७ पर्यंत त्याचे पुरावे आहेत. मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात अभिनेते संजय दत्त यांना एके-५६ बाळगल्याबद्दल शिक्षा झाली. विशेष न्यायालयाने दिलेली सहा वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पाच वर्षांची केली. कुटुंबाच्या रक्षणासाठी शस्त्र घेतले, हा बचाव टिकला नाही. तेव्हा काही राजकीय नेते त्यांना माफी मिळावी म्हणून पुढे सरसावले, हे मात्र स्मरणात ठेवण्याजोगे आहे. शस्त्राबद्दल कठोर असलेले आपले राजकारण शस्त्रधारी नामवंत असला, की एकाएकी कनवाळू होते.

दुसरे उत्तर अधिक अडचणीचे आहे. २०१८ मध्ये बिहारमधील मुंगेर पोलिसांना विहिरीत, शेतात पुरून ठेवलेल्या एके-४७ रायफली सापडू लागल्या. त्यांचा माग जबलपूरच्या केंद्रीय आयुध भांडारापर्यंत पोहोचला. निकामी ठरवून मोडीत काढण्यासाठी आलेली शस्त्रे आणि सुटे भाग तेथून बाहेर पडून पुन्हा जुळविले जात असल्याचे तपासातून पुढे आले. गावठी कट्ट्यांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या मुंगेरला खरी रायफल मिळाली, ती सरकारी भांडारातून.

आणि मग मणिपूर. २०१९ च्या दुरुस्तीत संसदेने एक नवा गुन्हा निर्माण केला. पोलीस अथवा सशस्त्र दलांकडून बळाने शस्त्र हिसकावल्यास किमान दहा वर्षे ते जन्मठेप. कायदा होऊन चार वर्षेही झाली नव्हती, तोच ३ मे २०२३ रोजी मणिपुरात हिंसाचार उसळला आणि जमावांनी पोलिसांच्या शस्त्रागारांतून सुमारे सहा हजार शस्त्रे पळविली. त्यांत रायफली होत्या, तशाच कार्बाईनही होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यपाल अजयकुमार भल्ला यांनी सात दिवसांची मुदत देऊन शस्त्रे परत करण्याचे आवाहन केले, मुदत पुढे वाढविली, तेव्हा हजारभर शस्त्रे परत आली. ती परत करणाऱ्यांवर कारवाई होणार नाही, असे आश्वासन द्यावे लागले. जन्मठेपेची तरतूद असलेल्या कायद्यावर अभयाचे आवाहन करण्याची वेळ येते, तेव्हा दोष कायद्याच्या कलमात नसतो. शस्त्रागाराच्या दारात असतो.

या पार्श्वभूमीवर दिल्लीतील चर्चेचा रोख पाहिला, की विषाद वाटतो. २०१९ मध्ये गृहमंत्री अमित शहा यांनी दुरुस्ती विधेयक आणले, तेव्हा वाद रंगला तो परवानाधारकाने किती बंदुका ठेवाव्यात यावर. मूळ मर्यादा तीनची होती, प्रस्ताव एकचा होता, अखेर दोनवर तडजोड झाली. नागरिकाच्या प्रत्येक परवान्याला आता राष्ट्रीय माहितीसाठ्यात स्वतंत्र क्रमांक असतो. निवडणूक जाहीर झाली, की कोकणातील शेतकरी रानडुकरांपासून भात वाचविणारी आपली ठासणीची बंदूक निमूटपणे ठाण्यात जमा करतो. त्याच्या एका नळीचा हिशेब व्यवस्था इतक्या काटेकोरपणे ठेवते. मग शस्त्रागारांतील हजारो स्वयंचलित नळ्यांचा हिशेब तितकाच काटेकोर का नसावा?

शिवाय एक अपवाद खुद्द लोकप्रतिनिधींनी स्वतःसाठी राखून ठेवलेला आहे. १९८७ नंतर प्रतिबंधित बोअरच्या शस्त्रांचे परवाने सामान्य नागरिकांना देणे बंद झाले. ज्या मोजक्या वर्गांचे अर्ज विचारात घेता येतात, त्यांत दहशतवादाची प्रत्यक्ष झळ असलेले रहिवासी आणि अधिकारी आहेत, तसेच दहशतवादविरोधी कामाशी निगडित खासदार-आमदारही आहेत. काहींच्या बाबतीत ही गरज खरी आहे. पंजाब आणि काश्मीरमध्ये लोकप्रतिनिधींनी प्राण गमावले आहेत. परंतु ज्यांना खरोखर धोका आहे, त्यांना राज्यसंस्था सुरक्षारक्षक देतेच. त्यापलीकडे जाऊन दिलेल्या प्रत्येक परवान्याचे कारण जनतेला कळले पाहिजे. व्यक्तीची नावे सुरक्षेसाठी गुप्त ठेवा. संख्या आणि निकष गुप्त ठेवण्याचे कारण नाही.

हा हिशेब मागण्याची वेळ आताच आहे, याला एक निकडीचे कारण आहे. जुन्या ९ मिलिमीटरच्या कार्बाईन निवृत्त होत आहेत. लष्करासाठी सव्वाचार लाखांहून अधिक नव्या कार्बाईन खासगी उत्पादकांकडून घेण्याचे २०२५ मध्ये ठरले. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेच्या साहाय्याने विकसित झालेल्या ‘अस्मी’ या स्वदेशी मशिन पिस्तुलाची पहिली मागणी लष्कराने २०२४ मध्ये नोंदविली. देशाला चांगली शस्त्रे मिळावीत आणि ती देशातच बनावीत, यात आनंदच आहे. परंतु लाखो नव्या कार्बाईन आत येतील, तेव्हा जुन्या कोठे जातील? जबलपूरचे प्रकरण नेमके मोडीत निघालेल्या शस्त्रांचे होते. खासगी कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक नग आणि शस्त्रागारात वितळविला जाणारा प्रत्येक नग यांची नोंद त्रयस्थ यंत्रणेकडून तपासली गेली पाहिजे आणि त्याचा गोषवारा वर्षातून एकदा संसदेपुढे आला पाहिजे. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या आणि लुटल्या गेलेल्या शस्त्रांचा आकडाही त्यातच असावा. आकडा लाजिरवाणा असेल, म्हणूनच तो सांगायला हवा.

नागरिकाने स्वयंचलित शस्त्र मागू नये, ही अपेक्षा योग्यच आहे आणि या देशातील बहुसंख्य नागरिक ती पाळतात. त्या बदल्यात राज्यसंस्थेने आपल्या कुलपांची काळजी घ्यावी, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. मणिपूरच्या सहा हजारांपैकी किती शस्त्रे अजून परत यायची आहेत, हा प्रश्न संसदेत प्रत्येक अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी विचारला गेला पाहिजे. आणि तो विचारण्याचे काम केवळ ईशान्येच्या मोजक्या खासदारांवर सोपविलेले नसावे.